नीलव्वाचं मराठी

माझा थोरला भाऊ विठ्ठलराव, आमचा अण्णा. आम्ही घरी मराठी बोलणारे, पण अण्णानं धारवाडच्या हायस्कुलात जन्मभर कन्नड शिकवलं. आज त्याला त्यातलं अक्षर येत नाही. मला याचा भयंकर राग येतो, आणि तो काढू कुणावर तेच कळत नाही.

त्याची बायको नीलव्वा कन्नड घरातली. हे लग्न आमच्या आईला मुळीच पसंत नव्हतं. सून समोर आली की ती मुद्दाम मराठीत टोमणे मारायची. अण्णानं फर्मानच काढलं, हिच्यासमोर घरात मराठी बोलायचं नाही. आई फणफणली, पण तो बधला नाही. असा हट्टी. म्हणून धारवाडजवळच्या केलगेरीतल्या आमच्या घरात वहिनी म्हातारी झाली, तरी तिला मराठी शिकावं लागलं नाही.

मग अण्णा तिला अधूनमधून मराठीत उत्तरं द्यायला लागला. आम्ही थट्टा केली, मूर्खासारखी. पुढे एकदा ती "ऊटा माड्री" म्हणत भाकरी वाढायला आली, तर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यमुना, या बाई काय म्हणतात गं?"

"जेवा म्हणत्यात की रे! ही तुझी नीलव्वा नव्हं का?"

वहिनी भाकरी हातात धरून तशीच उभी.

हुबळीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत निरोप घेणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. वयानं त्या सगळ्यांच्याच कमी होतात, अण्णाला तर वर आजारही जडलाय. निरोप निघतो, घ्यायला कुणी नसतं. मोठेपणी शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते, आईची मागे राहते. म्हणजे शेवटी आईच जिंकली म्हणायची. गोळ्या लिहून दिल्या, पण गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं.

घरी आल्यावर वहिनी कन्नडमध्ये म्हणाली, "यमुनाक्का, मला मराठी शिकव."

शेंगा सोलत आम्ही बसायचो. तिचंही वय झालेलं. सकाळी घोकलेलं संध्याकाळी विसरायची, चिडायची, पुन्हा घोकायची. मला ते बघवत नसे.

एका दुपारी ती वेणी घालून त्याच्यासमोर बसली. एकेक शब्द सांभाळत म्हणाली, "मी नीलव्वा. तुमची बायको. मी इथंच आहे."

अण्णाचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तिचं बोलणं त्याला कळलं होतं! त्यानं हात जोडले. "छान मराठी बोलता हो तुम्ही."

मग स्वयंपाकघराकडे बघत त्यानं आवाज खाली आणला. "पण इथं नको. माझी बायको आत आहे. तिच्यासमोर मराठी बोललं की तिला परकं वाटतं."

एवढं मराठी वहिनीला आता कळत होतं.