साडूंच्या कारखान्यात वीज जाते तेव्हा

नोकरी न सोडता निवृत्त झालेला या जगात एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. वागळे इस्टेटमधला त्यांचा बिस्किटांचा कारखाना बंद पडला, मशीन भंगारात गेलं, जागेवर टॉवर उभा राहिला, त्यात लोक राहायला येऊन पार्किंगवरून भांडूही लागले. पण साडूंची फर्स्ट शिफ्ट अजून रोज सकाळी सातला डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सुरू होते. ज्या पॅकिंग मशीनवर त्यांनी उभी हयात काढली, ते त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभं केलं आहे. त्याला एम्युलेटर म्हणतात. म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मेलेल्या मशीनचं सोंग जित्या मशीनकडून वठवून घ्यायचं. सोपं आहे." पडद्यावर तीच बटणं, तेच हिरवे-तांबडे दिवे, पट्ट्यावरून सरकणारे तेच पुडे. आत बिस्किटं तेवढी नसतात. साठीच्या घरातले आम्ही सगळे गुडघ्याला लावायची तेलं शोधत होतो, तेव्हा हा माणूस त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकला.

सातला कॉम्प्युटरमधून भोंगा होतो आणि त्यावर मजल्यावरच्या बायका कुकर लावतात. साडू इस्त्रीचा निळा शर्ट घालून खुर्चीवर बसलेले असतात. दहाला चहाची सुट्टी, मोजून दहा मिनिटं. ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, एकदा अकराव्या मिनिटाला "अजून घोटभर देऊ का?" विचारलं, तर म्हणाले, "शिफ्ट चालू असताना शॉप फ्लोअरवर यायचं नाही." शॉप फ्लोअर म्हणजे फ्रिज आणि दिवाण यांच्यामधली जागा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी रीतसर रजेचा अर्ज लिहिला, स्वतःच वाचला आणि कामाच्या ताणामुळे स्वतःच नामंजूर केला. शेवटच्या पंगतीला आले, निळ्या शर्टातच.

घरात इन्व्हर्टर आहे. त्यावर पंखा आहे, फ्रिज आहे, देवघरातला दिवा आहे, कॉम्प्युटर नाही. कारण कारखान्यात वीज गेली की मशीन बंद पडायचं. "खोटेपणा करायचा तर प्रामाणिकपणे करावा," असं त्यांचं म्हणणं. फायलींच्या नकला ठेवण्याबद्दलही त्यांची मतं ठाम. यंत्राचा बॅकअप यंत्राने ठेवू नये, माणसांनी ठेवावा. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईने वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणलेले, साडूंनी त्यातल्या सात डब्यांत सात पेनड्राइव्ह घातले आणि नात्यातल्या बायकांना दारातून बजावलं, "वाण लुटतात ते ठीक, हे मात्र सांभाळायचं." पुढच्या वर्षी नवी नक्कल वाटायचं त्यांनी सुचवलं, तेव्हा ताईने साफ सांगितलं, दोन वर्षं लागोपाठ एकच वाण दिलं तर लोक तोंडात शेण घालतील. तिथे साडूंचं काही चाललं नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शुक्रवारी, फाइल सेव्ह होत असतानाच, वीज गेली. दुपारी आली तेव्हा फाइल जागेवर होती, नाव होतं, तारीख होती, आत काहीही नव्हतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीचीही हीच अवस्था आहे, पण तिच्यासाठी कोणी रडत नाही. जवळची दुसरी नक्कल त्याच डिस्कवर ठेवलेली, ती उघडेचना. चार वर्षांचं काम गेलं. ताईचा फोन आला. "भोंगा नाही, काही नाही. सात वाजता शर्ट घालून नुसते बसलेत रे. तू ये."

मी गेलो. साडूंनी वाण दिलेल्यांची यादी काढली आणि आम्ही वसुलीला निघालो. पहिल्या घरी पेनड्राइव्ह गाडीत सापडला. त्यात प्रवासात ऐकायची गाणी होती. दुसऱ्या घरी त्यात योगासनं होती. तिसऱ्या घरचा झेरॉक्सवाल्याकडे गेला तो परत आलाच नव्हता. चौथ्या आणि पाचव्या घरी "असं काही दिलेलंत का तुम्ही? डबा आहे हं!" म्हणून डबा दाखवण्यात आला. सहावं घर घोडबंदर रोडला, म्हणजे माझं. बसमध्ये साडू म्हणाले, "तुमच्याकडचा हमखास असणार, साडूभाऊ. तुमच्याकडे वस्तूला किंमत असते." ट्रॅफिकमध्ये बस हलत नव्हती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटत होतं.

कारण मला माहीत होतं. घरी पोचल्यावर मी पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर माझ्या मुलीचा साखरपुडा उघडला. साडूंची फाइल पुसून मीच तो भरला होता. "चुकलं माझं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? साडूंनी चष्मा पुसला आणि सगळे फोटो, एकेक करत, शेवटपर्यंत पाहिले. "छान आलेत. यात मी कुठे आहे?" एका फोटोच्या कडेला निळी बाही सापडली. "हां. आलेलो मी," म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो.

सहाच्या सहा गेले. मी त्यांना पोचवायला डोंबिवलीला परत गेलो. दारातच ताई म्हणाली, "सात होते ना? पहिलं वाण देवाला दिलेलं मी." देवघरात, कृष्णाच्या मागे, हळदीकुंकू वाहिलेला पेनड्राइव्ह तीन वर्षं बसून होता. सातांपैकी देव एकटाच असा निघाला, ज्याने त्यात स्वतःचं काही भरलं नव्हतं. ताईने नमस्कार करून तो उचलला, मी जुन्या टूथब्रशने त्याच्या तोंडातलं कुंकू काढलं आणि साडूंनी डोळे मिटून तो लावला. फाइल उघडली. भोंगा झाला. शेजारच्या घरात भर संध्याकाळी कोणीतरी कुकर लावला.

पण पुडे सरकता सरकता मशीन अडकलं आणि तांबडा दिवा लागला. साडूंनी सांगितलं ते असं. खरं मशीनही असंच अडकायचं, आणि सुटायला त्याच्या दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबावी लागायची. एका माणसाचे हात पुरायचे नाहीत. दुसऱ्या टोकाला त्यांचा कल्याणचा जोडीदार असायचा, बावीस वर्षं. एम्युलेटर केला तेव्हाही साडूंनी टेबलाच्या दोन टोकांना दोन कीबोर्ड लावले होते, आणि दर शुक्रवारी जोडीदार कल्याणहून येऊन दुसऱ्यावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मग साडूंनी मशीन सुधारलं. अडकणंच काढून टाकलं. देवाकडची नक्कल त्याआधीची, तिच्यात ते तसंच राहिलं होतं. "अडकलं तर दाबणार कोण? पण मग दिवसभर नुसतं धावायचं हो ते. त्याची आठवण काढायलासुद्धा थांबायचं नाही."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि फार हलकंही वाटलं. मी माळ्यावरून दुसरा कीबोर्ड काढून पुसला.

आता दर शुक्रवारी मी घोडबंदरहून पहाटे साडेपाचला निघतो, तरी हजेरीबुकात माझ्यापुढे लेट मार्क असतोच. मशीन अडकतं. साडू "दाबा!" म्हणतात आणि मी दाबतो, पण माझा हात नेहमी जरा मागे पडतो. "तो असा उशीर करायचा नाही," साडू म्हणतात. आम्ही पुन्हा दाबतो. दिवा हिरवा होतो, पुडे सरकायला लागतात, आणि साडू थोडा वेळ बटणावरचं बोट काढत नाहीत.