सुट्टीची किळस

कुसगावात डोंगराच्या अंगाला जे भाड्याचे बंगले उभे राहिले, त्यातल्या एकाची राखण रतन कैक वर्षं करतो आहे. राखण नुसती म्हणायला. खरं काम सोमवारचं. शनिवारी मुंबई-पुण्याची माणसं आरामाला येतात, रविवारी संध्याकाळी निघून जातात, आणि मागं जे उरतं ते रतनच्या वाट्याला येतं. पोहण्याच्या टाकीत कोंबडीची हाडं, जास्वंदीच्या आळ्यात ओकारी, पडद्यांना पुसलेले तेलकट हात. एकदा कुणी चहाच्या पातेल्यात लघवी करून वर झाकण नीट लावून ठेवलं होतं. त्या नीट लावलेल्या झाकणाचा त्याला जास्त संताप आला. पातेलं त्यानं कुंपणापाशी पुरलं, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गाडीची डिकी उघडली, की त्याला माणसं कळायची. आधी बॅग उतरली तर बरी, आधी स्पीकर उतरला तर मेलो. तरी फाटक उघडून “या साहेब” म्हणावंच लागायचं, कारण बंगल्याचे मालक मुंबईला आणि पाहुणे त्यांनी ठरवलेले.

अशा माणसापुढं त्याच्या मुलीनं, प्रतीक्षानं, सुट्टीची गोष्ट काढली. ती पुण्यात एका कंपनीत होती. तिनं कॅरिबियन समुद्रातली ग्रेनेडाइन्स नावाची बेटं शोधून काढली होती. एकामागं एक लहान लहान बेटं, गर्दी नाही, गोंगाट नाही. फेब्रुवारीत आईवडिलांना घेऊन तिथं एका घरात राहायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही.

रतनची बायको शकुबाई हरखली. दर सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाताना लोकांच्या खांद्यांवरून दिसायचा, तेवढाच समुद्र तिनं पाहिला होता. तिनं पासपोर्टसाठी फोटोही काढून घेतला. रतनचं तोंड मात्र कडू झालं.

“आमी तितं जायाचं, पसरायचं, आन तिथलं कुनी गरीब आमचं उष्टं काढनार,” तो म्हणाला. “थुत. मला त्यातलं व्हायचं न्हाई.”

प्रतीक्षानं समजावलं, रागावली, रडकुंडीला आली. शकुबाईनं वाद घातला नाही. तुम्ही नाही तर मीही नाही, एवढंच तिनं सांगितलं आणि तो विषय बंद केला. पुढं तिनं समुद्राचं नावसुद्धा काढलं नाही, आणि रतनला तेच सोसेना.

त्या घराचं बघणाऱ्या बाईंशी फोनवर बोलायचं आधीच ठरलं होतं. नाही म्हणायचं तरी नीट म्हणावं, म्हणून एका रविवारी प्रतीक्षानं फोन लावला. इथं दिवेलागण, तिकडं सकाळ. पडद्यावर पत्र्याचं घर आणि ओसरीवर झाडू घेतलेली एक जाडजूड, वयस्क बाई दिसली. ती हसली नाही. तुम्ही गाणी मोठ्यानं लावता का, समुद्रात काही टाकता का, पिऊन भांडता का, असं ती इंग्रजीत एकेक विचारू लागली. प्रतीक्षाला नाही म्हणायला सवडच मिळेना; ती नुसती मराठीत सांगत गेली.

रतनला आपल्याच माणसाशी गाठ पडल्यासारखं वाटलं. तो पुढं सरकला. “तिला इचार, मालक कुटं ऱ्हातो? लय छळतो का?”

प्रतीक्षानं बिचकत विचारलं. बाईंचा आवाज चढला. मालक कसला? घर त्यांच्या आईनं बांधलेलं, मालकीण त्या स्वतः, आणि झाडतातही त्याच.

रतनला हे उमगेचना. घर एकाचं आणि झाडू दुसऱ्याचा, हेच त्यानं सगळीकडं पाहिलं होतं. “मंग पावनं वंगाळ निघालं तर?”

बाईंनी शांतपणे सांगितलं, की त्या सामान धक्क्यावर नेऊन ठेवतात आणि पुढच्या बोटीनं पाहुण्यांना परत धाडतात. गेल्याच मोसमात एका जोडप्याला धाडलं होतं, पाण्यात बाटल्या फेकल्या म्हणून.

रतननं एवढी वर्षं घाण काढली, पण एकालाही त्याला फाटकातून मागं फिरवता आलं नव्हतं.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, तो म्हातारा एवढा चिडलेला का दिसतो? तो त्रास देणार नाही ना?

“सांग त्यास्नी,” शकुबाई मागून म्हणाली, “चिडल्यालं न्हाईत, थोबाडच तसं हाय.”

रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यालाही कुणी पाहुणा म्हणून असं पारखावं! पण राग धरता येईना. त्यानं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. पीत न्हाई. गानी लावत न्हाई. कचरा करत न्हाई, आन दुसऱ्यानं केल्याला बघवत न्हाई. बाई म्हणाल्या, विचार करून कळवते.

दुसऱ्या दिवशी तो टाकीतली हाडं जाळीनं काढत होता. एक डायपर वर आला, तो त्यानं नाक दाबून बादलीत टाकला. तेव्हाच घरून प्रतीक्षाचा फोन आला; ती अजून पुण्याला परतली नव्हती. बाईंनी या म्हणून कळवलं होतं. पण आबा, तुमचं काय, तिनं भीतभीत विचारलं.

“तिगंबी येतो म्हून कळव,” रतन म्हणाला. “आन तुज्या आयला फोन दे.” शकुबाई फोनवर आली. समुद्राला जायचं, एवढंच तो कसंबसं बोलला.

मग त्यानं मुंबईला मालकांना फोन केला आणि फेब्रुवारीत आपण नाही म्हणून सांगितलं. मालक गडबडले. ऐन मोसमात सोमवारची साफसफाई कोण करणार?

“तुमी या साहेब,” रतन म्हणाला. “येताना हातमोजं आना.”