घंटा झाली की रूळ मोकळा

स्टेशनमास्तर देवराव वारल्याचं मला सहा दिवसांनी कळलं, तेही आमच्याच स्टेशनच्या तिकीट खिडकीवर. "तुमचे जुने मास्तर गेले ना जी, प्रतापनगरात," पास हातात देता देता बाबू म्हणाला. तेवढ्यात गाडी आली. मी चढलो, शाळेत गेलो, मुलांकडून पाढेही म्हणवून घेतले. आज महिना होत आला. आता गप्प बसणं जमत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

साठच्या दशकात नागपूरच्या कडेचं आमचं स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, मुरमाचा फलाट आणि एकच लाईन. वस्ती रुळांपलीकडे. गिरणीतले कामगार, भाजीवाल्या, माझ्यासारखे अप-डाऊन करणारे शिक्षक, सगळे पलीकडच्या चिंचेखालीच बसायचे, कारण फलाटावर सावलीचं नाव नव्हतं. गाडी अजून लांब असतानाच मास्तर खोलीसमोर टांगलेला रुळाचा तुकडा लोखंडी दांड्यानं बडवायचे. ती आमची घंटा. मग आम्ही उठून रूळ ओलांडायचो, आणि ओलांडताना कोणी इकडेतिकडे पाहायचं नाही. घंटा झाली की रूळ मोकळा, हे आमच्या हाडीमाशी मुरलं होतं. घंटा झाल्यावरही कोणी रेंगाळलं तर मास्तर फलाटावरून ओरडायचे, "काहून गा, गाडी का तुह्या सासऱ्याची आहे?" आणि तरीही त्याच्यासाठी गाडी क्षणभर थांबवायचे. पार्वताबाई भाजीची टोपली घेऊन सगळ्यात पुढे असायची. ती म्हणायची, "मास्तरच्या घंटेवर मी डोये मिटून चालीन."

सत्तरनंतर केव्हातरी स्टेशन नव्यानं बांधायला घेतलं. दुसरी लाईन पडली, पक्की इमारत उभी राहिली, फलाट उंच झाला, त्यावर पत्रे आले, लाईनीवरून पूलही झाला. मास्तरांचा त्यात जीव होता. बायाबापड्यांना सावली मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज लिहिले होते. पाण्याचा नळ कुठे हवा, हे त्यांनी गवंड्याला स्वतः उभं राहून दाखवलं होतं. पूल मात्र कोणी चढेना. डोक्यावर टोपली घेऊन एवढ्या पायऱ्या कोण चढणार? लोक चिंचेखालीच बसत राहिले.

नव्या इमारतीत कामकाज सुरू झालं त्या दिवशी नारळ फुटला. मास्तरांच्या गळ्यात हार होता. सिग्नलचं काम नव्या खोलीतल्या सहायकाकडे होतं, त्यामुळे मास्तर त्या सकाळपुरते मोकळे होते. जुनी घंटा संध्याकाळी उतरवणार होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मला भावनेचं भरतं आलं. मी म्हणालो, "मास्तर, उतरवायच्या आधी एकदा वाजवा ना. शेवटची."

"गाडी नसताना घंटा देत नाही मी, गुरुजी."

"आता कसली घंटा? लोखंडच ते. माझ्यासाठी वाजवा."

ते हसले. दांडा उचलला आणि तीन ठोके दिले… पलीकडे चिंचेखालची माणसं उठली. पार्वताबाई सगळ्यात पुढे. नव्या लाईनीवरून मालगाडी येत होती. मास्तर हार तोडून धावले, "थांब वं! पार्वते, थांब!" बाकीच्या बाया थबकल्या. ती थांबली नाही. तिनं मालगाडीकडे पाहिलंच नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, घंटा का दिली? मी दारातच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्याच मनात आलं, साहेब." माझी नोकरी तेव्हा पक्की झाली नव्हती. पोलिस, कचेरी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी मूग गिळून गप्प बसलो. उद्या सांगू, म्हटलं. मास्तरांची मास्तरकी गेली. दूरच्या कुठल्याशा स्टेशनावर पार्सलच्या खोलीत त्यांना बसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यांनी निवृत्तीपर्यंत खाल्ला. पुढे ते प्रतापनगरात राहायला आले. माझ्या घरापासून सायकलनं अर्ध्या तासाचं अंतर, पण मी एकदाही गेलो नाही. मी भित्रा माणूस आहे, दुसरं काही नाही.

गेलो तो ते गेल्यावर. दिवेलागणीची वेळ होती. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, देवघरापाशी वात वळत होत्या. देवघरात समई होती, शंख होता, घंटी नव्हती. मी पाहत राहिलो तशा त्या म्हणाल्या, "त्यायले घंटीचा आवाज सहन नव्हता होत. इतकी वर्षं मी टाळ्या वाजवूनच आरती करून राहिली."

मग मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मास्तर नको म्हणत होते. मी हट्ट केला. घंटा मी वाजवायला लावली."

वात वळणारा हात थांबला.

"मले तर ते शेवटपर्यंत हेच म्हणत, माह्याच मनात आलं म्हणून." त्यांनी वात खाली ठेवली. "भाऊजी, मी त्यायलेच बोलत राहिली ना… जेवताना, उठताबसता. तुमच्या एका लहरीपायी बाईचा जीव गेला, आपला संसार उधळला, असं रोज टोचून बोलली मी त्यायले. ते खाली मान घालून जेवत. आता मी कोणाले सांगू?"

त्यांनी डोळे पुसले, समई लावली आणि टाळ्या वाजवत एकट्याच आरती म्हणू लागल्या. मी त्यांच्या मागे हात जोडून उभा होतो. टाळी वाजवायला माझे हात उठले नाहीत.