पिवळी साय

बाळांनो, आज सकाळी दुधावर इतकी पिवळी साय आली की मी घाबरलेच! उन्हाळाभर पांढरंशुभ्र दूध येत होतं, मग हा रंग कुठला? हळदच कालवली असणार, असं ठरवून मी 'उद्यापासून रतीब बंद' अशी चिठ्ठी लिहिली आणि दूध घालणाऱ्या शेवंताबाई येताच पातेलं त्यांच्यापुढे धरून विचारलं, "हळद कालवलीत ना?"

त्या खळखळून हसल्या. "अहो आजी, हळद काय फुकट मिळते? कडबा संपला माझा. पंधरा दिवस झाले, गाईला ओला लसूणघास घालतेय, हिरव्या चाऱ्यानं साय पिवळी होते. ती खाईल तेच तुमच्या पातेल्यात येणार!"

तुमच्या तिकडच्या दुधाच्या खोक्यावर तारीख, फॅट, सगळं छापलेलं असतं, आणि हा रतीब लावण्याआधी मीही आयुष्यभर पिशवीवर तेवढंच वाचत आले. गाय काय खाते, हे कधी विचारलंच नाही! इथे तर अख्खं हिरवं शेत पिवळं होऊन सायीवर तरंगत होतं आणि मी ते ओतून द्यायला निघाले होते.

चिठ्ठी फाडली. म्हटलं, "शेवंताबाई, उद्यापासून अर्धा लिटर जास्त घाला. नातवंडं येणार आहेत, तूप कढवायचंय."

"घालते की," त्या म्हणाल्या. "हळद किती टाकू?"