मंडईचे पाहुणे आणि आमची टेकडी

काय सांगू बायांनो, आधी तुम्ही चहा पिऊन घ्या. माझा पराक्रम ऐकल्यावर माझ्या हातचा चहा घ्याल की नाही, कोण जाणे!

मोहाडीजवळच्या आमच्या गावाला झुडपी जंगलाची एक टेकडी आहे. सरकारी आहे, पण गुरं आमची चरतात आणि मोहफुलं आमच्या बाया वेचतात. सरकारनं नवा नियम काढला: अशी जागा ग्रामसभेला न विचारता खाणीसाठी भाडेपट्ट्यानं देता येईल. आमचे आमदार म्हणाले, "नागपूरच्या अधिवेशनात हा नियम रद्द करायला लावतो. तुम्ही घरोघरच्या सह्या आणा." मी दहावी पास, म्हणून फाईल माझ्याकडे! पहिली सहीसुद्धा माझीच.

तेवढ्यात आली गावची मंडई, दिवाळीनंतरची आमची जत्रा. मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला नाव-गाव विचारायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. न जाणो, नणंदेचा चुलतदीर निघाला तर? जन्मभर टोमणे! आधी पाणी, मग ताट.

दुपारी जीपमधून दोघं उतरले. कडक इस्त्रीचे कपडे. माझी भाची सोनाली आमच्याकडेच असते. तिला बघायला कोंढ्याचे पाहुणे येणार, असा निरोप होताच. मी धावले.

"या जी, बसा जी!"

भात, वांग्याची भाजी, करंज्या. जेवता जेवता एकानं विचारलं, "काकू, टेकडीपर्यंत रस्ता आहे का?"

मुलाकडचे चौकशी करणारच ना! "आहे ना जी! ट्रक जाते आरामात."

"आणि गावातले लोक?"

"गाईसारखे! कोणी कशालेच नाही म्हणत नाही."

"वा! हेच जरा मोबाइलवर सांगता? आमच्या मोठ्यांना दाखवतो."

मी पदर सारखा केला आणि सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. हसून! ते निघून गेल्यावर सोनाली बाहेर आली.

"आत्या, त्यायनं मले तर पायलंच नाही वो."

"लाजाळू असन पोरी!"

चार दिवसांनी आम्ही वीस बाया सह्या घेऊन आमदारांकडे गेलो. त्यांनी मोबाइल पुढे केला. "खाणवाल्या कंपनीनं पाठवलंय. गावाची हरकत नाही म्हणे."

पडद्यावर मी! मागे करंज्यांचा डबा!

सरपंचबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून वो बाई, फाईल तुयीच अन् हे बी तूच?"

रडूच फुटलं हो मला. वीस घरच्या बायांची मोहफुलं माझ्या एका हसण्यानं खाणीत जाणार होती. "साहेब, ते लग्नाचं बोलणं होतं," मी म्हटलं.

"कोणाच्या लग्नाचं?"

सगळं सांगितलं. आधी साहेब हसले, मग बाया, मग चहा आणणारासुद्धा. शेवटी साहेब म्हणाले, "हे सगळं खोटं होतं, असं लेखी द्या."

दिलं! घोटीव अक्षरात: 'रस्त्यावर बैलगाडी रुतते. आमच्या गावचे लोक अतिशय भांडखोर असून कोणत्याही गोष्टीला नाही म्हणतात.' साहेबांनी ते भर सभागृहात वाचलं. नियम अजून रद्द नाही झाला, पण फेरविचार होईपर्यंत पट्टे थांबलेत. टेकडी आहे जागेवर.

परवा पुन्हा दोन माणसं दारात. मी पाण्याचा तांब्या मागे लपवला.

"कोण गावचे? आधी आधार कार्ड दाखवा जी!"

त्यातल्या म्हाताऱ्यानं निमूट कार्ड काढलं. मुक्काम कोंढा. मुलाचे वडील!

"या ना जी, बसा," मी पुटपुटले.

"बसतो बाई. पण गाव लय भांडखोर आहे म्हणते, पेपरात वाचलं. खरं का?"

आता सांगा, काय बोलू? नाही म्हणावं तर टेकडी जाते, हो म्हणावं तर सोयरीक! मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सोनाली ओरडली,

"आत्या, तू काईच बोलू नोको! मीच येतो बाहेर!"