साहेबांचं चिंतन

चिंतन म्हणजे एखाद्या गोष्टीचा शांतपणे, खोलवर केलेला विचार. शब्द चांगला आहे. तो ऐकला की मला आजही झिंग्यांच्या रश्श्याचा वास येतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी भंडाऱ्याहून बातम्या पाठवत असे. दसऱ्याच्या सुमारास आंबागडच्या बाजूच्या एका गावात धान गर्भावर आला होता, दाणा भरायला पाणी हवे होते आणि पाऊस गेला होता. तलाव भरलेला होता. पूर्वी गावकरी तलावाच्या पाळीवर बसत, दुपारपर्यंत भांडत आणि संध्याकाळी तुडुम, म्हणजे तलावाची मोरी, उघडून धानाच्या बांध्यांना पाणी सोडत. आता तुडुम उघडायला पाटबंधारे कार्यालयाचा लेखी हुकूम लागत होता.

त्यासाठी त्या कार्यालयाच्या साहेबांनी विश्रामगृहावर बैठक ठेवली होती. मी हजर होतो. जेवणात त्याच तलावातले झिंगे होते. साहेबांनी तीनदा रस्सा मागितला. मग काडीने दात कोरले, काडीचे टोक निरखले, ते टेबलक्लॉथला पुसले आणि मला म्हणाले, “लिहा, पाणीवाटपावर सखोल चिंतन झालं. निर्णय लवकरच.”

पाण्याचा विषय निघालाच नव्हता. त्यांनी सांगितले तसे मी लिहिले. संपादकीय टेबलावर शब्द आवडला; तो मथळ्यात गेला.

दहा दिवसांनी गावात गेलो. हुकूम आला नव्हता. बांधीला भेगा पडल्या होत्या. शेताच्या धुऱ्यावर एक पन्नाशीची बाई उभी होती, शेजारी तिचा दीर.

“काहून जी पेपरवाले, झालं का साहेबाचं चिंतन?”

“तुम्हीच का नाही उघडलं तुडुम?” मी विचारले.

“पोट्टे निघाले होते ना सब्बल घेऊन. मीच अडवलं. म्हनलं, पेपरात आलं आहे, साहेब लोकं विचार करून रायले. आपुन मंधात कायले हात लावाचा?”

“पेपर वाचून धान पिकवते आमची वहिनी,” दीर म्हणाला.

“तू चूप बस ना.”

तिने एक लोंबी तोडली आणि माझ्या तळहातावर नखाने चिरडली. आत दाणा नव्हता. सगळा पोचा.

“खरं सांगा जी, काय केलं त्याईनं तिथं?”

“जेवले,” मी म्हणालो.

तिने हात पदराला पुसले.

“मंग तसंच लिवाचं होतं ना. आमी त्याच दिशी पानी सोडलं असतं.”