धर्माच्या छातीतली नळी

धर्मा कोळ्याच्या खाटेखालच्या बाटलीत काचेच्या नळीतले पाणी श्वासाबरोबर खालीवर होत असे. त्या सकाळी ते साफ थांबले. धर्माला मात्र धाप लागली होती.

न्यूमोनियानंतर त्याच्या छातीत पू झाला होता. तो काढण्याच्या तेव्हा दोन रीती होत्या. उघडी रीत म्हणजे बरगडीचा तुकडा कापून जाड नळी घालायची आणि पू ड्रेसिंगमध्ये मुरू द्यायचा. पू घट्ट होण्याआधी घाईने केले तर भोकातून हवा शिरून फुफ्फुस आकसते. बंद रीतीत बरगड्यांमधून रबरी नळी आत घालतात. तिच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली काचेची नळी जमिनीवरच्या बाटलीत पाण्याखाली असते. पू बाहेर येतो, हवा आत जात नाही. आमच्या मुरुडच्या दवाखान्यात बंद रीतीचा हा पहिलाच रोगी. मुंबईला नर्सिंग शिकताना मी ती पाहिली होती, म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते.

"झालं तुमचं मुंबईचं कौतुक?" डॉक्टर म्हणाले. "नळी चोंदली. बरगडी कापायची तयारी करा."

"क्लोरोफॉर्म सोसेल त्याला?"

"नाही कापली तर जगेल?"

मी हत्यारे स्टोव्हवर उकळत ठेवली. उकळी येईपर्यंत धर्माच्या छातीपासून नळीवर बोटे फिरवत खाली निघाले. चादरीखाली बोट अडले. जाळे विणायच्या सुताने नळी खाटेच्या दांड्याला करकचून आवळली होती.

"हे कुणी केलं?"

"मी बांधली, बाय," धर्माची बायको हिरा म्हणाली. "तूच बोललीस ना, नळी सुटली तर मानूस जाईल? सुटा दोर आमी होडीत कंदी ठेवत न्हाय."

गाठ नखांनी सुटेना. कात्रीने सूत कापले, चिमटलेली नळी चोळून गोल केली. भळकन पू आला. मग काचेतले पाणी वर चढले, खाली उतरले.

धापा टाकत धर्मा म्हणाला, "होडी कंदी अशी बांधली न्हाय हिनं."

डॉक्टरांनी वाकून बाटलीतले पाणी पाहिले. "स्टोव्ह बंद करा," म्हणाले.

तीन आठवड्यांनी धर्मा चालत घरी गेला. चूक हिराची नव्हती. नळी सुटू देऊ नको, असे मी तिला बजावले होते. पू वाहता राहिला पाहिजे, हे सांगितले नव्हते. उघडी रीत बरी की बंद, यावर डॉक्टरांचा आणि माझा वाद पुढेही चालला. पण आधी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायची, मगच वाद.